विंटेज पिकअपला नवीन फ्रंट सस्पेन्शन बसवलं तरी गाडी सरळ चालत नाही? किट बदलायच्या आधी हे बघा

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा समोर येतो की एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं म्हटलं. ट्रक कुठलाही असू दे, 1953 ते 56 मधला फोर्ड एफ-100 असू दे नाहीतर 1955 ते 59 मधला शेवरोले 3100, तक्रार तीच. जुना सरळ अ‍ॅक्सल काढला, मस्टँग टू टाइपचा (फोर्डच्या जुन्या मस्टँग टू कारसारखा) क्रॉसमेंबर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो चेसिसचा आडवा तुकडा, वेल्ड केला, रॅक अँड पिनियन स्टेअरिंग आलं, पुढे डिस्क ब्रेक आले, रंगकाम पण झालं, आणि आता हायवेला जरा स्पीड पकडला की गाडी लेनमध्ये राहतच नाही, सारखं स्टेअरिंग डावी-उजवी करत बसावं लागतं. मग अलाइनमेंट करून आणतात, चार दिवस बरं वाटतं, परत तेच. मग टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची टोकं) बदलतात, मग टायर, मग रॅकच बदलतात, आणि शेवटी "हे किटच बेकार आहे, दुसरं कुठलं घेऊ?" असा प्रश्न येतो.

माझं स्पष्ट मत आहे की अशा बहुतेक केसेसमध्ये किट बेकार नसतं. ते ज्या उंचीला आणि ज्या कोनात वेल्ड झालंय तिथे घोळ असतो, म्हणजे ट्रक शेवटी किती खाली बसणार, पुढे-मागे टायर कुठले लागणार हे ठरायच्या आधीच क्रॉसमेंबर वेल्ड झालेला असतो. त्यामुळे नवीन सेटअप निवडायचा असेल तरी आणि बसवलेला त्रास देत असेल तरी, आधी गाडीची बैठक बघा.

सुरुवात इथून करा, गाडी नक्की कधी भटकते ते ओळखा. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर पण भटकत असेल तर कॅस्टर (चाक वळण्याच्या रेषेचा मागचा झुकाव, खाली सांगतो), टो (पुढची चाकं वरून बघितल्यावर किती आत किंवा बाहेर तोंड करून आहेत ते) किंवा कुठेतरी प्ले, म्हणजे सांध्यात ढिलेपणा. सपाट रस्त्यावर ठीक आहे पण खड्डा, उंचवटा, पुलाचा जॉइंट आला की झटक्यात एका बाजूला जाते, तर तो बंप स्टीअर. फक्त ब्रेक मारल्यावर ओढते, तर आधी ब्रेक, आणि खालच्या आर्मला (चाक चेसिसशी जोडणारा हलता हात) स्ट्रट रॉड (आर्म पुढे-मागे हलू नये म्हणून लावलेला दांडा) असलेला जुन्या पद्धतीचा सेटअप असेल तर त्या रॉडचे बुश. आणि स्टेअरिंग वळवल्यावर आपोआप परत येत नाही, चिकटल्यासारखं वाटतं, तर कॅस्टर कमी आहे किंवा स्टेअरिंग शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट जास्त कोनात बसलेत. हे चार प्रकार वेगळे आहेत आणि त्यांचे इलाज पण वेगळे आहेत, पण सगळे जण त्याला "गाडी भटकते" एवढंच म्हणतात आणि म्हणून चुकीचा पार्ट बदलला जातो.

आता कॅस्टर, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा वरून थोडी मागे झुकलेली असली की चाक स्वतःहून सरळ राहायला बघतं, हात सोडून सायकल चालवता येते त्यात पुढच्या फोर्कच्या तिरकेपणाचा मोठा वाटा असतो तसंच इथे पण आहे. पॉवर स्टेअरिंग असेल आणि रेडियल टायर असतील तर साधारण 3 ते 5 डिग्री पॉझिटिव्ह कॅस्टर चांगला चालतो, मॅन्युअल रॅक असेल तर 1 ते 3, कारण जास्त दिला तर पार्किंगला हात भरून येतात.

पण हा कॅस्टर चेसिसच्या कोनावर अवलंबून असतो हे लोक विसरतात. किट बनवणाऱ्याने चेसिस लेव्हल आहे असं धरून कोन दिलेला असतो. तुम्ही गाडी पुढून खाली आणि मागून वर अशी, रेक देऊन उभी केली की अख्खा चेसिस पुढे झुकतो आणि जितका चेसिस झुकला तितका कॅस्टर सरळ वजा. या ट्रकांचा व्हीलबेस साधारण 110 ते 116 इंच असतो, म्हणजे पुढच्या-मागच्या उंचीत 2 इंचाचा फरक पडला की जवळपास 1 डिग्री गेली. 3 इंच रेक म्हणजे दीड डिग्री. आणि रेक फक्त स्प्रिंगमुळे येत नाही, टायरमुळे पण येतो, पुढे 27 इंच व्यासाचा आणि मागे 31 इंच व्यासाचा टायर लावला तर त्रिज्येत 2 इंचाचा फरक, म्हणजे बाकी काही न करता नुसत्या टायरनेच 1 डिग्री खाल्ली. आता किटमध्ये 3 डिग्री दिली असेल आणि वरून असा टायरचा आणि स्प्रिंगचा मिळून रेक आला तर हातात उरतं काय? म्हणून अलाइनमेंटवाला म्हणतो की "अ‍ॅडजस्टमेंट संपली, याच्यापुढे जात नाही", आणि तो खरं बोलत असतो.

तपासायचं कसं? गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरमध्ये नेहमीची हवा, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल. चेसिसच्या सरळ भागावर, म्हणजे केबिनच्या खाली जिथे रेल वाकलेली नाही तिथे, डिजिटल अँगल मीटर ठेवा आणि आकडा लिहून घ्या, दोन्ही बाजूंचा. मग अलाइनमेंटच्या प्रिंटमधला कॅस्टर बघा. कॅस्टर कमी आणि चेसिस पुढे झुकलेला असेल तर उत्तर मिळालं. मस्टँग टू टाइपमध्ये वरच्या आर्मचा शाफ्ट टॉवरवर स्लॉटमध्ये सरकतो, शाफ्टचं पुढचं टोक बाहेर आणि मागचं टोक आत घेतलं की वरचा बॉल जॉइंट मागे जातो आणि कॅस्टर वाढतो. दोन्ही टोकं आत घेतली तर कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा झुकाव) निगेटिव्हकडे जातो, म्हणजे चाक वरून आत झुकतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच स्लॉटमध्ये सांभाळाव्या लागतात आणि जागा थोडीच असते. स्लॉट पुरला नाही तर मागून गाडी थोडी खाली घ्या, किंवा थोडा मागे सरकवलेला बॉल जॉइंट असणारे वरचे आर्म घ्या, काही बनवणारे असे आर्म देतात. क्रॉसमेंबर कापून परत लावणं हा अगदी शेवटचा उपाय.

टो साधारण 1/16 ते 1/8 इंच आत. टो-आउट असेल तर सपाट रस्त्यावर गाडी सारखी डावी-उजवी हुंगत फिरते, कॅस्टर कितीही असू दे.

आता बंप स्टीअर. याच्यात चाक वर-खाली होताना स्टेअरिंग न हलवता पण चाकाची दिशा बदलते. मोजायचं सोपं आहे, थोडा वेळ लागतो एवढंच. गाडी चेसिसखाली मजबूत स्टँडवर घ्या, पुढची स्प्रिंग काढा (कॉइल स्प्रिंग असेल तर कॉम्प्रेसर लावूनच, त्यात केवढा जोर साठलेला असतो याचा अंदाज हाताने येत नाही, तो हात जाऊनच येतो), शॉक पण सोडा म्हणजे चाक मोकळं वर-खाली होईल. स्टेअरिंग मधोमध लॉक करा. हबवर एक सरळ प्लायवूडची फळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बोल्ट करा, तिच्यासमोर जमिनीवर उभा स्टँड ठेवून त्याच्यावर दोन डायल इंडिकेटर, एक पट्टीच्या पुढच्या टोकाला, एक मागच्या. आता जॅकने चाक राइड हाइटपासून (गाडी स्वतःच्या वजनावर बसते ती उंची) 2 इंच वर, मग 2 इंच खाली, दर अर्ध्या इंचाला दोन्ही आकडे लिहा. दोघांचा फरक वाढत-घटत गेला तर टो बदलतोय. थोडासा फरक सगळ्याच गाड्यांत असतो, पण 2 इंचात 1/16 इंचाच्या वर जात असेल तर स्टेअरिंगमध्ये जाणवणारच. डायल नसतील तर पट्टीवर लेझर पॉइंटर बांधून समोरच्या भिंतीवर खुणा करा, तेवढ्यानेही कळतं.

कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. पहिलं, रॅकची उंची किंवा रुंदी. टाय रॉडचा आतला जॉइंट हा वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या पिव्हटना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा, आणि टाय रॉडचा कोन आर्मच्या कोनांशी जुळायला हवा. मस्टँग टू ही 1974 ते 78 मधली एक छोटी, अरुंद कार होती, तिचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) साधारण 56 इंचाच्या आत-बाहेर, पिकअपचे फेंडर त्याहून बरेच रुंद. म्हणून काही लोक क्रॉसमेंबर रुंद करतात आणि रॅक मात्र मूळ लांबीचाच ठेवून बाहेरच्या बाजूला टाय रॉडला एक्स्टेंशन लावतात. दिसायला सगळं जुळतं, चाकं सरळ उभी राहतात, पण आतला जॉइंट त्या रेषेच्या आत पडलेला असतो आणि प्रत्येक खड्ड्याला चाक वळतं. याला अलाइनमेंटने काही फरक पडत नाही कारण अलाइनमेंट गाडी उभी असतानाच होते! त्यामुळे रुंद ट्रॅकचं किट घेताना "रॅक पण त्याच रुंदीचा आहे का" हे विचारल्याशिवाय घेऊच नका.

दुसरं कारण म्हणजे राइड हाइट चुकीची. मस्टँग टू टाइपमध्ये गाडी बसलेली असताना खालचा आर्म जमिनीला जवळपास समांतर हवा. इंजिन, रेडिएटर, फेंडर, बॉनेट काही नसताना स्प्रिंग निवडली की अंदाज चुकतो, मग नाक वर राहतं, आर्म खाली झुकतो, आणि उलट बाजूने नाक खाली आणायला लोक कॉइल कापतात आणि आर्म वर चढतो. दोन्हीकडे आपण भूमितीच्या चांगल्या भागातून बाहेर गेलो. गाडी खाली हवीच असेल तर 2 इंच ड्रॉप स्पिंडल (हब ज्यावर बसतो तो भाग, हबची जागा 2 इंच वर घेतलेला) वापरा, त्यात आर्मचे कोन तसेच राहतात आणि गाडी खाली येते. कॉइलओव्हर (शॉकवरच बसलेली स्प्रिंग) असेल तर रिंग फिरवून उंची बदलता येते हे खरं, पण ती सोय थोड्याफार फरकासाठी आहे, चुकीची स्प्रिंग झाकण्यासाठी नाही. एअर बॅग (स्प्रिंगच्या जागी हवेची पिशवी) लावलेल्यांनी तर ज्या उंचीला गाडी चालवणार तीच उंची ठेवून अलाइनमेंट करा आणि मग दर वेळी त्याच उंचीला चालवा.

एक कमी बोललं जाणारं कारण सांगतो. सगळं मोजून बरोबर आहे, तरी स्टेअरिंग फार नर्व्हस वाटतं, बोट लावलं की गाडी जाते, तर पॉवर स्टेअरिंगचा पंप बघा. जीएमच्या इंजिनचा पंप आणि फोर्डचा रॅक ही जोडी फार कॉमन आहे, आणि तो पंप त्या रॅकला हवं त्यापेक्षा जास्त फ्लो आणि प्रेशर देतो. त्यासाठी पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये टाकायचे शिम (पातळ चकत्या) किंवा फ्लो कमी करणारा व्हॉल्व्ह मिळतो. हे न बघता लोक कॅस्टर वाढवत बसतात.

आणि पुढच्याला दोष देण्याआधी मागचा अ‍ॅक्सल चौकोनात आहे का ते पण बघा, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, कर्णात माप घ्या. मागचे पाटे बदलताना अ‍ॅक्सल अर्धा इंच तिरका बसला असेल तर गाडी कायम एका अंगाने चालते आणि स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं.

सरळ अ‍ॅक्सल अजून काढला नाहीये त्यांच्यासाठी. तुमचा ट्रक भटकतोय म्हणून आयएफएस (पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारं सस्पेन्शन) टाकायचं ठरवलंय, तर थांबा जरा. आधी पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, किंग पिनमध्ये (ज्या पिनभोवती चाक वळतं ती) प्ले आहे का, पाट्यांचे बुश आणि शॅकल गेलेत का, ड्रॅग लिंकचे (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) एंड ढिले आहेत का, स्टेअरिंग बॉक्समध्ये मोकळा खेळ किती आहे. हे सगळं टाइट असेल आणि तरी भटकत असेल तर कॅस्टर. हे ट्रक आले तेव्हा बायस प्लाय (रेडियलच्या आधीच्या जुन्या बांधणीचे) टायर होते, रेडियल लावल्यावर कॅस्टर थोडा जास्त द्यावा लागतो. पाटा अ‍ॅक्सलच्या वर बसत असेल तर स्टीलची टेपर पाचर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये, जाड बाजू मागे ठेवून, कॅस्टर वाढतो. मऊ धातूची पाचर घेऊ नका, चेपते आणि यू-बोल्ट ढिले होतात. गाडी खाली घेतली असेल तर ड्रॅग लिंकचा कोन बघा, तो खूप तिरका झाला की इथे पण बंप स्टीअर येतो. आणि ठराविक स्पीडला अख्खं पुढचं अंग थरथरत असेल तर स्टेअरिंग डँपर लावून ते दाबू नका, आधी किंग पिन, बॅलन्सिंग आणि कॅस्टर, कारण कॅस्टर फार जास्त झाला तरी थरथर येते.

नीट बसवलेला सरळ अ‍ॅक्सल, कमी पाट्यांचा सेट, चांगले शॉक, डिस्क ब्रेक, यात आरामात फिरता येतं. मला तरी वाटतं की जो ट्रक शहरात आणि छोट्या रस्त्यांवर फिरणार, ज्याला मूळ रूप ठेवायचंय, त्याने चेसिस कापायची घाई करू नये.

आता आयएफएस घ्यायचंच ठरलं तर कुठलं. मस्टँग टू टाइपचा फायदा म्हणजे जागा कमी लागते, रॅक पुढे असतो त्यामुळे ऑइल पॅन मोकळा राहतो, पार्ट्स सहज मिळतात. तोटा म्हणजे मूळ डिझाइन हलक्या कारचं, त्यामुळे मोठं लोखंडी इंजिन आणि वजन ओढणारा ट्रक असेल तर जाड आर्म, 11 इंची रोटर आणि योग्य स्प्रिंग याच्यात पैसे वाचवू नका. आणि स्ट्रट रॉड नसलेला ट्यूब आर्म असेल तर ब्रेकचा सगळा जोर क्रॉसमेंबरवरच्या पिव्हटवर येतो, तिथलं वेल्डिंग चांगल्या सर्टिफाइड वेल्डरकडूनच.

2003 पासूनच्या फोर्ड क्राउन विक्टोरियाचं पुढचं अख्खं अ‍ॅल्युमिनियम क्रेडल (सस्पेन्शन धरणारा सांगाडा) एफ-100 खाली घालायची पद्धत बरीच चालते, रॅक, मोठे ब्रेक, सगळं एकत्र येतं आणि भूमिती कंपनीने ठरवलेली असते, त्यामुळे बंप स्टीअरचा त्रास कमी. पण ते रुंद आहे, जास्त पॉझिटिव्ह ऑफसेटचेच (गाडीच्या आत जास्त सरकून बसणारे) व्हील लागतात, खोल लिपचे व्हील हवे असतील तर हा नाद सोडा, टायर फेंडरच्या बाहेर येणार.

जुन्या शेवरोले कॅमेरो कारचा पुढचा क्लिप (सस्पेन्शनसकट चेसिसचा पुढचा तुकडा) जोडणारे अजून आहेत. 1967 ते 69 च्या कॅमेरोत स्टेअरिंग लिंकेज अ‍ॅक्सलच्या मागे आणि 1970 पासून पुढे, त्यामुळे इंजिन कुठे बसणार ते आधी बघा. चेसिस कापून जोडताना थोडी जरी पीळ राहिली तरी ती आयुष्यभर सोबत राहते, म्हणून मी हे सगळ्यात शेवटी ठेवतो. शेवरोलेच्या छोट्या एस-10 पिकअपची अख्खी चेसिस घालणं स्वस्त पडतं पण ट्रॅक अरुंद, चाकं आत गेल्यासारखी दिसतात.

1963 ते 72 च्या शेवरोले पिकअपमध्ये कंपनीचंच कॉइल आणि कंट्रोल आर्म आहे, तिथे कापाकापी कशाला, बुश, बॉल जॉइंट, ड्रॉप स्पिंडल, बस. आणि 1965 पासूनच्या फोर्ड ट्विन आय-बीमवाल्यांनी (प्रत्येक पुढच्या चाकाला वेगळा आडवा बीम) स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ नका, कॅम्बर निगेटिव्ह जातो आणि टायर आतून खातो, त्यासाठी वेगळे ड्रॉप बीम मिळतात.

नवीन बसवताना क्रम असा ठेवा. जुना अ‍ॅक्सल काढायच्या आधी ओळंबा सोडून हबच्या मध्याची खूण चेसिसवर आणि फरशीवर करा, दोन्ही बाजूंना. फेंडर लावून, खरे टायर आणि व्हील जागेवर ठेवून बघा, गाडी खाली आली की बऱ्याच ट्रकांत चाक कमानीच्या मधोमध दिसत नाही आणि थोडं पुढे घ्यावं लागतं, ते आत्ताच ठरवा. टायर पूर्ण वळवून फेंडरला लागतो का तेही आत्ताच. चेसिस सी-चॅनेल असेल तर क्रॉसमेंबर येणार तिथे उघडी बाजू पट्टीने बंद करून बॉक्स करून घ्या. मग चेसिस स्टँडवर त्याच रेकमध्ये ठेवा ज्या रेकमध्ये गाडी रस्त्यावर असणार, अँगल मीटर लावून, आणि त्या अवस्थेत क्रॉसमेंबर हवा तेवढा कॅस्टर मिळेल असा बसवा. आधी फक्त टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा. कर्ण मोजा, परत मोजा, खालचे आर्म लावून दोन्ही बाजूंचा मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा व्हीलबेस मोजा. स्प्रिंगशिवाय चाक वर-खाली करून बंप स्टीअरची टेस्ट टॅकवर असतानाच करा, कारण इथे रॅक पाव इंच वर-खाली करणं ग्राइंडरचं काम आहे आणि रंग मारल्यावर तेच काम महिनाभराचं होतं. सगळं जुळलं की पूर्ण वेल्ड, तोही एका दमात नको, थोडं इकडे थोडं तिकडे, नाहीतर चेसिस तापून ओढली जाते.

रबर बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच फायनल टाइट करा. हवेत लटकलेल्या आर्मवर टाइट केले तर बुश कायम पिळलेले राहतात, गाडी वर बसते आणि बुश लवकर फाटतात. अलाइनमेंट पूर्ण वजन आल्यावर, आणि स्प्रिंग बसल्यावर काही आठवड्यांनी परत एकदा, तेव्हा चेसिसचा कोन पण परत मोजून आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

कोणाला मदत हवी असेल तर विचारताना पुढचा-मागचा टायर साइझ, चेसिसचा कोन, अलाइनमेंटची प्रिंट आणि खालच्या आर्मचा बाजूने काढलेला फोटो द्या, "कुठलं किट बेस्ट" एवढ्या प्रश्नावर कोणालाच काही सांगता येणार नाही.